विडी विझते, सिगारेट विझत नाही

पेटवलेली विडी हातात धरून माणूस गप्पांत रंगला की ती विझते. म्हणून विडी ओढणाऱ्याच्या खिशात काडेपेटी असतेच आणि एका विडीला दोन-तीन काड्या सहज जातात. सिगारेटचं तसं नाही. ती राखदाणीच्या कडेला टेकवून माणूस फोन घ्यायला गेला, तरी ती आपली आपण जळत राहते. दहा-पंधरा मिनिटांनी पाहावं तर फिल्टरपर्यंत राखेची कांडी तयार.

हा फरक वेष्टनाचा आहे. विडी तेंदूच्या पानात वळलेली असते. त्या पानातून हवा फारशी आत झिरपत नाही, त्यामुळे झुरके थांबले की आतल्या निखाऱ्याचा श्वास कोंडतो. सिगारेटचा कागद मुद्दाम सच्छिद्र केलेला असतो, आणि तो एकसारखा जळत जावा म्हणून त्यात सायट्रेटसारखे क्षार घातलेले असतात. थोडक्यात, सिगारेटचं न विझणं कारखान्यात ठरतं. यावरून कोणी विडीची शिफारस करू नये. ती तेवत ठेवायला झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात, आणि फुप्फुसांचं त्यात काही भलं होत नाही. पण घराला लागणाऱ्या आगीचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या हातून सुटते, तो झोपतो, आणि ती जागी राहते.

सिगारेटचा निखारा झुरका घेताना ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातो आणि नुसता जळत असताना ६००च्या आगेमागे राहतो. तरीही थोटूक गादीवर पडलं की भडका उडतो, ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळेच माणसं गाफील राहतात. ज्योत म्हणजे जळणारा वायू. लाकूड किंवा कापड पुरेसं तापलं की त्यातून वायू सुटतो, तो पेटतो, आणि आपल्याला आग दिसते. धुमसणारी आग निराळी असते. तिथे वायू पेटत नाही, पदार्थाचा पृष्ठभागच प्राणवायूशी संयोग पावत कोळसा होत जातो आणि आग कणाकणाने पुढे सरकते. उजेड नाही, तडतड नाही, धूरही सुरुवातीला बेताचाच.

जुन्या पानटपरीच्या खांबाला लटकणारा सुंभ आठवा. गिऱ्हाइकाला विडी पेटवता यावी म्हणून ठेवलेला तो काथ्याचा दोर सकाळपासून रात्रीपर्यंत इंचाइंचाने जळत असे, वाऱ्यानेही विझत नसे, आणि जळलेल्या भागाची राख म्हणीतल्याप्रमाणे पीळ धरून राहत असे. आपल्या घरात असा सुंभ टांगलेला नसतो, पण त्याच्यासारखं वागणाऱ्या वस्तू भरपूर असतात. कापसाची गादी, उशी, लोड, जुन्या लुगड्यांची गोधडी ही सगळी त्याच जातीची. कापसात नैसर्गिकरीत्या पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते धुमसण्याला मदत करतात. गादीतला कापूस सैल असल्यामुळे आगीला लागेल तेवढी हवा आतच मिळते, आणि वरच्या कापडामुळे उष्णता बाहेर जात नाही. फोमची गादी आणि सोफा यांची रीत वेगळी. फोम निखाऱ्याने सहसा वितळून मागे सरकतो, पण वरचं सुती कापड धुमसायला लागलं की त्या उष्णतेने तोही धुमसतो, आणि एकदा ज्योत धरली की खोली काही मिनिटांत भरते. फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो.

धुमसणं संपून ज्योत कधी धरेल याचा नेम नसतो. कधी अर्ध्या तासात, कधी चार-पाच तासांनी. रात्री अकराला सुटलेलं थोटूक पहाटे तीनला पेटतं ते यामुळे. आणि ज्योतीची वाट न पाहताही माणूस जातो, कारण अपुऱ्या हवेत जळणारा कापूस कार्बन मोनॉक्साइड सोडत असतो. या वायूला वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. ‘जळका वास आला की जाग येईलच’ हा भरवसाही खोटा. झोपलेल्या माणसाला आवाजाने जाग येते, वासाने सहसा येत नाही.

अमेरिकेत घरांच्या आगींची नोंद बारकाईने ठेवली जाते, म्हणून तिथला हिशेब सांगतो. २०१२ ते २०१६ या काळात घरांना लागलेल्या आगींपैकी धूम्रपानामुळे लागलेल्या फक्त ५ टक्के होत्या. पण आगीत गेलेल्या माणसांपैकी २३ टक्के माणसं या पाच टक्क्यांत गेली. स्वयंपाकघरातली आग लागते तेव्हा माणूस जागा आणि बहुधा समोर असतो. ही आग माणूस झोपल्यावर त्याच्या अंगाखाली वाढते. तिथल्या अग्निशमन प्रशासनाचं आणखी एक निरीक्षण आहे: अशा आगीत मरणाऱ्या दर चारांपैकी एक जण ती सिगारेट ओढणारा नसतो. तो मुलगा असतो, बायको असते, वरच्या मजल्यावरचा शेजारी असतो.

आता प्रश्न असा की, विडीसारखी आपोआप विझणारी सिगारेट करता येत नाही का? येते. तशी करता येते हे कळणं आणि तशी करणं यांच्यामध्ये किती काळ गेला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

१९७९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेस्टवूड गावात सिगारेटमुळे लागलेल्या आगीत आईवडील आणि पाच मुलं असं अख्खं कुटुंब गेलं. त्या भागाचे काँग्रेस सदस्य जो मोकली यांनी त्याच वर्षी सिगारेटच आगीच्या दृष्टीने सुरक्षित करण्याचं विधेयक मांडलं. लहानपणी स्वतः भाजलेले अँड्र्यू मॅग्वायर नावाचे कार्यकर्ते सॅन फ्रान्सिस्कोहून याच मागणीसाठी झटत होते. विधेयक अडलं. १९८४मध्ये निदान अभ्यास करण्याचा कायदा झाला, तज्ज्ञांचा गट बसला, आणि १९८७मध्ये त्याने सांगितलं की अशी सिगारेट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि परवडण्यासारखीही. मग १९९०मध्ये आणखी एक कायदा झाला, तो चाचणीची पद्धत ठरवण्यासाठी. कागदावर कागद चढत गेले.

मधल्या काळात कंपन्या काही झोपल्या नव्हत्या. फिलिप मॉरिसमध्ये कमी पेटवणाऱ्या सिगारेटवर आतल्या आत संशोधन चालू होतं, आणि त्या प्रकल्पाचं नाव होतं ‘हॅम्लेट’. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी: प्रश्न जळावं की जळू नये हाच होता. बाहेर मात्र उद्योगाचं म्हणणं वेगळं होतं. दोष सिगारेटचा नाही, सोफ्याचा आहे. तंबाखू उद्योगाने अग्निशमन दलांच्या संघटनांना देणग्या दिल्या, त्यांच्याशी सलगी वाढवली, आणि चर्चेचा रोख फर्निचरकडे वळवला. सोफ्याच्या फोममध्ये ज्वालारोधक रसायनं घालायला लावणारा नियम कॅलिफोर्नियात १९७५पासून होताच. त्यात फोमच्या तुकड्याला बारा सेकंद छोटी ज्योत लावून पाहायचे. पण सिगारेट ज्योत लावत नाही, ती आधी वरच्या कापडात धुमसते. म्हणजे परीक्षा एका आगीची आणि खरी आग दुसरीच. त्या पायी कोट्यवधी घरांतल्या सोफ्यांत रसायनं गेली आणि तिथून घरातल्या धुळीत आणि माणसांच्या रक्तात आली. २०१२ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ने जुनी कागदपत्रं धुंडाळून हे सारं प्रकरण मांडलं, आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने नियम बदलून ज्योतीऐवजी धुमसण्याची परीक्षा आणली. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार सुधारायला जवळपास चाळीस वर्षं लागली.

सिगारेटमधला बदल मात्र अगदी साधा निघाला. कागदावर ठराविक अंतराने कमी सच्छिद्र असे दोन-तीन पट्टे चढवायचे. निखारा पट्ट्यापाशी आला की हवा तुटते. ओढणारा असेल तर झुरक्याने तो पट्टा ओलांडतो, नसेल तर सिगारेट तिथेच विझते. तेंदूच्या पानाचंच तत्त्व, फक्त पट्ट्यापुरतं. फिलिप मॉरिसने २०००मध्ये ‘मेरिट’ ही आपली सिगारेट अशा कागदात बाजारात आणली. २००४च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याने अशीच सिगारेट विकण्याची सक्ती केली. २००५मध्ये कॅनडाने देशभर केली, २०११च्या नोव्हेंबरपासून युरोपीय संघाने, आणि त्याच सुमारास अमेरिकेची सगळी राज्यं त्यात आली. मॅसॅच्युसेट्समध्ये, जिथून ही मागणी उठली तिथे, कायदा २००८पासून लागू झाला. नंतरच्या अभ्यासात सिगारेटमुळे घराला आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

अठ्ठावीस टक्के म्हणजे थोडं नव्हे, पण पुरेसंही नव्हे. ही सिगारेट प्रयोगशाळेत गाळणकागदाच्या दहा थरांवर ठेवून तपासतात आणि चाळीसपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक पूर्ण जळता कामा नयेत एवढीच अट असते. गोधडीच्या घडीत पडलेल्या थोटकाला अशी कुठलीही अट लागू होत नाही. सुरुवातीला तिला ‘अग्निसुरक्षित’ म्हणत, ते विशेषण पुढे जाणकारांनी सोडलं ते बरं झालं.

आपल्याकडच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. तो इशारा आजाराचा आणि मरणाचा आहे, अंथरुणाचा नाही. अंथरुणाची काळजी आपली आपण घ्यायची.

आणि इथे आपल्या घरांची एक खास अडचण येते. मोठ्यांसमोर ओढायचं नाही हा आपल्याकडचा संकेत इतका पक्का आहे, की पन्नाशीचा गृहस्थही वडील झोपल्यावर गच्चीवर जातो, जिन्याच्या वळणावर उभा राहतो किंवा संडासाच्या खिडकीतून धूर सोडतो. संकेत वाईट नाही. पण लपून ओढणाऱ्याकडे राखदाणी नसते. पावलं वाजली की थोटूक हाताला येईल तिथे जातं: कुंडीत, कचऱ्याच्या डब्यात, डक्टमध्ये, खिडकीबाहेर. माझ्या मते मराठी मध्यमवर्गीय घरात आगीचा मोठा धोका ओढण्याइतकाच या लपवण्यात आहे. घरात कोणी ओढतं हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कोणी नाही, आणि म्हणून दहा रुपयांची राखदाणी घरात येत नाही. आजोबांनी विडी सोडावी म्हणून तगादा जरूर लावावा, पण ती सुटेपर्यंत त्यांच्या खाटेजवळ पाणी घातलेलं खोलगट भांडं असावं. राखदाणी आणून दिली म्हणजे परवानगी दिली, असा अर्थ काढत बसू नये.

भांडं खोल, जड आणि रुंद बुडाचं हवं. काठावर खाच असलेली उथळ राखदाणी दिसायला छान, पण सिगारेट जळत आखूड झाली की तोल बाहेर जातो आणि ती टेबलावर पडते. तळाला पाणी किंवा वाळू असावी. पाणी घातलेली झाकणाची जुनी बरणीही चालते आणि लपूनछपून ओढणाऱ्यांची सोयही होते. राखदाणी रात्रीच्या रात्री कचऱ्याच्या डब्यात रिकामी करण्यात मात्र धोका आहे. आत कागद, कांद्याची सालं, प्लास्टिकच्या पिशव्या असतात, आणि राखेखाली दडलेल्या एका ठिणगीला तेवढं पुरतं. आधी भिजवायचं, मग टाकायचं. काडीचंही तेच, आणि विडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर काडीचा धोका थोटकाहून मोठा, कारण काड्या जास्त लागतात आणि काडीला ज्योत असते.

कुंडीत थोटूक खुपसणं लोकांना सुरक्षित वाटतं, कारण माती जळत नाही. पण आजच्या बाल्कनीतल्या कुंडीत माती कमी आणि कोकोपीट जास्त असतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वर सांगितलेल्या सुंभाचाच भाऊबंद. आठवडाभर पाणी न घातलेल्या कुंडीत तो आरामात धुमसतो, आणि कुंडी प्लास्टिकची असेल तर पुढचं सांगायला नको.

उंच इमारतीतून खाली टाकलेलं थोटूक जाता जाता विझतं, हीही एक समजूत. उलट पडताना मिळणाऱ्या वाऱ्याने निखारा फुलतो. खालच्या मजल्यावर वाळत घातलेली ओढणी, एसीच्या यंत्रामागे साठलेला पालापाचोळा, डक्टमधली कबुतरांची घरटी अशा ठिकाणी तो विसावतो. सोसायट्या वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र सादर करतात. त्यात पंप, नळ आणि सिलिंडर तपासले जातात. डक्टमधल्या घरट्यांकडेही त्याच वेळी कोणी पाहिलं तर बिघडणार नाही.

अंथरुणात ओढायचं नाही, हा एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळावा. दारू घेतली असेल, झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, तर खुर्चीतसुद्धा नाही. ओढायचंच असेल तर उभ्याने ओढावं. उभा माणूस झोपत नाही. मच्छरदाणीत विडी पेटवणारे म्हातारे अजून आहेत. मच्छरदाणी आता नायलॉनची किंवा पॉलिएस्टरची असते, ती जळताना वितळून अंगावर ठिबकते आणि कातडीला चिकटते. अंगावर धनगरी घोंगडी असेल तर ती त्यातल्या त्यात बरी. लोकर सहजी पेटत नाही आणि पेटली तरी बहुधा आपली आपण विझते, पण हल्ली ‘ब्लँकेट’ म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा ॲक्रिलिक असतं. रात्री निजायच्या आधी सोफ्याच्या उशा उचलून फटींत हात घालून पाहणं, विशेषतः पाहुणे येऊन गेल्यावर, हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

विदर्भ-मराठवाड्यात तर कापूसच घरात असतो. भाव चढेल या आशेने शेतकरी महिनोन्महिने तो खोलीत भरून ठेवतो. मुलं त्याच ढिगावर लोळतात आणि ओसरीत विड्या निघतात. कापसाच्या आत शिरलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही, आणि दाबलेल्या गाठीत तर ती कित्येक दिवस जिवंत राहू शकते. याची मुंबईला मोठी किंमत मोजावी लागली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात कापसाच्या गाठी धुमसू लागल्या. त्याच जहाजात स्फोटकं होती. दुपारभर पाणी मारूनही आगीचं मूळ सापडेना, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट झाला. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर तो दिवस पाळला जातो. ठिणगी कुठून आली याचे तर्क अनेक झाले. कोणाच्या तरी विडी-सिगारेटचा तर्क त्यात सर्वांत जास्त बोलला गेला. तो खरा असो वा नसो, आत धुमसणाऱ्या कापसापुढे पाणी कसं अपुरं पडतं हे त्या दिवशी दिसलं. घरात कापूस भरला असेल तर त्या छपराखाली विडी पेटता कामा नये. ओढणाऱ्याने अंगणात, ढिगापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब जावं.

करोनाच्या साथीनंतर घरोघरी आलेली आणखी एक वस्तू म्हणजे ऑक्सिजनचं यंत्र. दुर्दैव असं की धूम्रपानाने फुप्फुसं निकामी झालेल्यांनाच त्याची जास्त गरज पडते, आणि त्यांतल्या काहींची सवय नळी नाकात असतानाही सुटत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण हवेतलं त्याचं २१ टक्क्यांचं प्रमाण वाढलं की एरवी धुमसणाऱ्या वस्तू भडकून पेटतात. यंत्रातून येणारा वायू ९० टक्क्यांहून शुद्ध असतो आणि तो चादरीत, सदऱ्यात, दाढी-मिशीत मुरतो. अशा माणसाने काडी ओढली तर चेहराच पेटतो, आणि नळीतून आग आत जाते. यंत्र बंद करून लगेच विडी पेटवणंही चुकीचं, कारण कपड्यांत मुरलेला ऑक्सिजन निघून जायला वेळ लागतो. ज्या खोलीत हे यंत्र चालतं तिथे दुसऱ्या कोणी ओढणं, देवापुढे निरांजन लावणं किंवा गॅसची शेगडी पेटवणंही टाळावं.

धुराचा इशारा देणारी बॅटरीवरची छोटी यंत्रं आता आपल्याकडे मिळतात. त्यांच्यात दोन प्रकार असतात: एक आयनीकरणावर चालणारा, दुसरा प्रकाशकिरणावर. ज्योतीच्या आगीला पहिला लवकर ओळखतो, धुमसणाऱ्या आगीला दुसरा. घरात ओढणारा माणूस असेल तर प्रकाशकिरणाचा घ्यावा आणि तो ज्या खोलीत झोपतो तिथे छताला लावावा. स्वयंपाकघरात लावला तर फोडणीला ओरडेल आणि आठ दिवसांत कोणीतरी बॅटरी काढून ठेवील.

आणि गादीतून धूर येताना दिसलाच तर? तांब्याभर पाणी ओतून, डाग विझला असं समजून दुसऱ्या कुशीवर झोपणारे बरेच असतात. वरचं कापड भिजतं, आतला कापूस तसाच राहतो. धूर थोडा असेल तर बादल्यांनी पाणी ओतून ती जागा पूर्ण भिजवावी, कापड फाडून आतला कापूस उलगडावा आणि तोही भिजवावा. धूर खोलीत भरत असेल तर गादीच्या नादी न लागता सगळ्यांना उठवून बाहेर पडावं, खोलीचं दार ओढून घ्यावं आणि १०१ला फोन करावा. धुमसणारी गादी ओढत जिन्याने किंवा लिफ्टने खाली नेण्याचा प्रयत्न करू नये; वाटेत ताजी हवा मिळाली की ती हातातच भडकते, आणि बाहेर पडायची वाटही तीच असते. विझलेली गादी उघड्यावर, भिंतीपासून आणि गाड्यांपासून दूर, रात्रभर ठेवावी आणि सकाळी पुन्हा उसवून पाहावी. त्यातला चांगला दिसणारा कापूस वाचवून पिंजाऱ्याकडे नवी गादी भरायला देऊ नये.